सिस्टर, ताप आलाय!

गेल्या अंकात केमोनंतरच्या उलट्या आणि तोंड येणं यावर लिहिलं, आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी तापाची. पावसाळा आहे. ठाणे-नवी मुंबईत या दिवसांत घरटी एक जण तरी तापलेला असतोच, आणि कोपऱ्यावरचे डॉक्टर "व्हायरल आहे, तीन दिवस बघू" म्हणतात. तुमच्या-माझ्या तापाला ते ठीकच आहे. पण कॅन्सर शरीरात पसरलेलं माणूस घरात असेल तर त्या घरातला ताप वेगळा. ३४ वर्षं वॉर्डात काढली आणि आता ७ वर्षं घरोघर ड्रेसिंगला जाते, त्या भरवशावर उत्तरं देते आहे. औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

घोडबंदर रोड, ठाणे
बाबा ६८ वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात गेलेला. दर १५ दिवसांनी केमो. चौथ्या केमोनंतर ९व्या दिवशी रात्री ११ वाजता १००.८ ताप आला. खोकला नाही, घसा नाही, जुलाब नाहीत. पॅरासिटामॉल दिली, घाम येऊन ताप उतरला, बाबा झोपले. सकाळी ७ वाजता १०२, हातपाय गार आणि असंबद्ध बडबड. कॅज्युअल्टीत "रात्रीच का नाही आणलं?" म्हणून आम्हालाच ऐकवलं. ४ दिवस आयसीयूत होते, आता बरे आहेत. पण १००.८ला रात्री ११ वाजता गायमुखचा ट्रॅफिक तुडवत कोण हॉस्पिटल गाठतं? आमचं काय चुकलं?

चुकलं. पण केमो देऊन घरी पाठवताना ज्यांनी तुम्हाला हे नीट समजावलं नाही, त्यांचं जास्त चुकलं.

केमो वाढत्या पेशींवर हल्ला करते. कॅन्सरच्या पेशी वाढतात तशा हाडांच्या मगजात रक्ताच्या पेशीही सतत तयार होत असतात. त्यांनाही मार बसतो. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे जंतूंवर पहिल्यांदा धावून जाणारी फौज. बहुतेक केमोंमध्ये ७व्या ते १४व्या दिवसाच्या आसपास या पेशी सगळ्यात कमी होतात. बाबांचा ९वा दिवस होता, म्हणजे ऐन खड्ड्यात. मी प्रत्येक घरी गेले की भिंतीवरचं कालनिर्णय मागते आणि केमोच्या तारखेपासून मोजून या ८ दिवसांभोवती लाल पेनने चौकट आखते. एकादशी-चतुर्थीच्या गर्दीत ती चौकट उठून दिसते. त्या चौकटीत एकदा जरी १०१ लागला, किंवा १००.४ लागून तासभर तसाच राहिला, तर निघायचं. चौकटीबाहेर ताप आला तरी फोन करायचाच, पण चौकटीत फोन गाडीत बसून करायचा.

खोकला नाही, घसा नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पू म्हणजे काय? मेलेल्या न्यूट्रोफिल्सचा ढीग. पेशीच नसतील तर पू कुठून होणार? जखम लाल होत नाही, कफ पडत नाही, छातीचा एक्स-रेसुद्धा पहिल्या दिवशी स्वच्छ येऊ शकतो. आत जंतू रक्तात पोचलेला असतो आणि बाहेर दिसायला फक्त ताप. बऱ्याचदा हा जंतू बाहेरून आलेलाही नसतो. केमोने आतड्याचं अस्तर सोललं जातं आणि तिथेच मुक्कामाला असलेले जंतू रक्तात उतरतात. "आम्ही तर कुणाला घरात येऊ दिलं नाही" असं सांगत रडणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना सांगते, दार बंद करून हे थांबत नाही.

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात आला की नुसता 'टोटल काउंट' बघू नका. समजा टोटल काउंट १,६०० आहे आणि न्यूट्रोफिल २० टक्के. १,६००चे २० टक्के म्हणजे ३२०. हा आकडा ५००च्या खाली असला आणि ताप असला की ती इमर्जन्सी. पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडतात, केमोतही पडतात. रिपोर्ट बघून कुणी "डेंग्यू दिसतोय" म्हणालं तर हो म्हणून घरी बसू नका. तपासणी होऊ द्या, पण अँटिबायोटिक तिच्यासाठी थांबता कामा नये.

पॅरासिटामॉलचं म्हणाल, तर ती वाईट नाही. फक्त मोजल्याशिवाय आणि डॉक्टरांना कळवल्याशिवाय द्यायची नाही. तिने काटा खाली येतो, जंतू जागच्या जागी राहतो, आणि घरातली सगळी झोपी जातात. ज्यांना डेक्सासारखं (डेक्सामेथासोन) स्टेरॉइड चालू आहे त्यांना तर ताप चढतच नाही कधी कधी. तिथे बघायचं ते हुडहुडी, धाप, लघवी कमी होणं, अंगावर जाळीसारखे निळसर चट्टे, आणि नेहमी नातवंडांची नावं घेणारा माणूस अचानक गप्प किंवा भलतंच बोलायला लागणं. काटा ९६च्या खाली गेला तरी तो धोक्याचाच.

कॅज्युअल्टीत गेल्यावर "ताप आलाय" एवढंच सांगितलं तर डेंग्यू-मलेरियाच्या रांगेत बसाल. पहिलं वाक्य असं म्हणा: "केमो चालू आहे, आज ९वा दिवस, ताप १०१, काउंट पडले असतील." केमोची फाइल एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीवर टांगून ठेवा. आधी रक्त काढतील, सीबीसीसाठी आणि ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखायला. पोर्ट किंवा पिक लाइन (केमोसाठी छातीत किंवा दंडात बसवलेली नळी) असेल तर एक कल्चर तिच्यातून आणि एक हातातून. मग लगेच शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस. हे सगळं पोचल्यापासून तासाभरात व्हायला हवं, जगभर हाच दंडक आहे. रिपोर्टची वाट बघायची नसते. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात जंतू आपलं काम उरकतो. तोपर्यंत कमरेत इंजेक्शन, एनिमा, गुदद्वारातून गोळी, यातलं काहीही करू देऊ नका. प्रत्येकालाच भरती करावं लागतं असंही नाही. रक्तदाब नीट असेल, माणूस हिंडता-फिरता असेल, तर काहींना गोळ्यांवर घरी सोडतात. पण ते तपासून ठरतं, आपल्या अंदाजाने नाही. आणि पुढच्या केमोआधी डॉक्टरांना काउंट वाढवणाऱ्या इंजेक्शनचं जरूर विचारा. केमोनंतर २४ तास उलटले की देतात, हाडं दुखतात, पण हा खड्डा कमी खोल होतो.

आता माझं सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. माझ्या सासूबाईंना पित्ताशयाचा कॅन्सर होता. पित्तनळी उघडी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट, म्हणजे छोटी नळी, घातलेला. आम्ही कळव्याला राहतो. एका संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली, इतकी की पलंगाचा पाय फरशीवर टकटक वाजत होता. थर्मामीटर काढला तर सेल गेलेला. कपाळाला हात लावला, फार गरम वाटेना. दुलई घातली, गोळी दिली आणि मी, ३४ वर्षांच्या अनुभवाची नर्स, "सकाळी बघू" म्हणाले. हुडहुडी भरते तेव्हा कातडी गार लागते आणि आत ताप चढत असतो, हे मी विद्यार्थिनींना शिकवत आले होते. पहाटे त्यांचा रक्तदाब ८० झाला. ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे फाइल जुनी सापडेना म्हणून नवीन पेपर काढा, डिपॉझिट भरा, यात अडीच तास गेले. नाव घेत नाही. स्टेंट तुंबला होता. तो बदलला, पित्त मोकळं झालं, तेव्हा कुठे अँटिबायोटिक लागू पडलं. तुंबलेल्या नळीत नुसत्या औषधाने भागत नाही. त्या वाचल्या. स्टेंटवाल्या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा: हुडहुडी आणि डोळे पिवळे दिसले की तो पित्तनळीचा ताप. कॅलेंडरच्या चौकटीची वाट बघायची नाही.

कळवा
घरी अॅझिथ्रोमायसिनच्या ३ गोळ्या उरल्या आहेत. केमिस्ट ओळखीचा आहे, तोही म्हणतो चालेल. ताप आल्याबरोबर सुरू केल्या तर?

नाही. या तापात मारायचे जंतू बहुधा आतड्यातले, ई. कोलाय, क्लेबसिएला असले. त्यांच्यापुढे ही गोळी म्हणजे वाघाला काठी दाखवणं. वर कल्चरची वाट लागते, अर्धमेला जंतू बाटलीत वाढत नाही आणि मग डॉक्टर अंधारात तीर मारतात.

आपल्याकडे आधीच या जंतूंनी बरीच औषधं पचवली आहेत. कल्चरच्या रिपोर्टवर औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. पूर्वी एखादा आर दिसला तर आम्ही एकमेकींना दाखवायचो. नंतर नंतर पान उघडलं की वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, आणि तळाशी कोलिस्टिनपुढे एकुलता एस. हे कोलिस्टिन जुनं औषध, मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून मागे पडलं होतं. दुसरं काही उरलं नाही म्हणून पुन्हा काढावं लागलं. अँटिबायोटिकच्या पट्टीवर लाल उभी रेष असते ना, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी, २०१६पासून सरकारने तिची जाहिरात केली आहे, ती याचसाठी. तुमच्या ३ गोळ्यांच्या पट्टीवरही आहे, बघा.

कोपरी, ठाणे पूर्व
सासऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर, मणक्यात पसरलेला. ३ महिने कॅथेटर (लघवीची नळी) आहे. लघवी गढूळ दिसते. तपासली तर 'बॅक्टेरिया' आले. ताप नाही, दुखत नाही. तरी औषध हवं ना?

नको. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ते तिथे भाडेकरूसारखे राहतात. ताप, हुडहुडी, ओटीपोटात किंवा कमरेच्या बाजूला दुखणं, अचानक भ्रम, यातलं काही झालं तरच औषध, आणि तेव्हा आधी नळी बदलून नवीन नळीतून नमुना घ्यायचा. नुसता गढूळपणा बघून औषध सुरू केलं की एक दिवस खरंच लागेल तेव्हा ते चालणार नाही.

तुमच्या भागातल्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाहीत. तपासणीला खुर्चीत बसवून चौघं जण खाली आणतात तेव्हा युरोबॅग कुठे असते? आजोबांच्या मांडीवर, नाहीतर पोटावर, "लोंबकळू नये म्हणून". पिशवीतली शिळी लघवी परत मूत्राशयात उतरते. मी स्वतः जिन्यात ओरडले आहे यावरून. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही, आणि जिना उतरायच्या आधी रिकामी करायची.

कामोठे
नवऱ्याच्या गालाचा कॅन्सर फुटून बाहेर आला आहे. डॉक्टर म्हणाले आता केमो नाही, त्रास कमी ठेवू. वास इतका येतो की मुलं खोलीत जात नाहीत. उदबत्ती लावते. तो आरशात बघत नाही आणि माझ्याशी बोलत नाही. हे इन्फेक्शन बरं होईल का?

ताई, जखम भरून येणार नाही. वास मात्र जाऊ शकतो, आणि तो गेला की निम्मं घर परत येतं. हे मी पाहिलेलं आहे.

वास कॅन्सरचा नसतो. मेलेल्या मांसात हवेशिवाय जगणारे जंतू असतात, त्यांचा असतो. त्यांच्यावर मेट्रोनिडॅझोल चालतं, जुलाबाला देतात तेच. डॉक्टरांना विचारून त्याची गोळी कुटून पूड करून जखमेवर भुरभुरवायची किंवा जेल लावायचं. चार-पाच दिवसांत फरक पडतो. जखमेला पुरेसं पोचत नसेल तर डॉक्टर पोटातूनही देतात. मग दारू पूर्ण बंद, नाहीतर ओकून ओकून हाल होतात. हे त्याला स्पष्ट सांगा. या आजारातले बरेच जण रात्री चोरून घेतात आणि मी त्यांना फारशी नावं ठेवत नाही.

ड्रेसिंग कोरडं खसकन ओढू नका. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात छोटा चमचाभर मीठ घाला, गॉझ त्याने चिंब भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग ते आपण होऊन सुटतं. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी. हळद, कापूर, राख काही नको. उशाशी गडद रंगाचा टॉवेल ठेवा, लाल किंवा मरून. कधी रक्त आलं तर पांढऱ्या चादरीवर दिसतं तेवढं भयंकर त्यावर दिसत नाही, दोघंही कमी घाबरता. उदबत्ती बंद करा, दोन वास मिळून तिसराच होतो. पलंगाखाली परातीत लाकडी कोळसे ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

एक गोष्ट कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. पावसाळ्यात माश्या बसतात, जखमेत अळ्या होतात. झाल्या तर लाजून दडवू नका, घरात खुडबुड करू नका. नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा, त्या काढता येतात. मच्छरदाणी दिवसाही लावा. आणि ड्रेसिंग झालं की चहा त्याच्याच खोलीत प्या, समोर बसून. बोलणं आपोआप सुरू होईल की नाही ते मला सांगता येत नाही, पण वास गेल्यावर एकीचा नवरा पहिलं वाक्य बोलला ते "साखर कमी आहे" असं होतं.

नेरूळ
आई ७४ वर्षांची. फुफ्फुसाचा कॅन्सर, मेंदूत गेलाय. दीड महिन्यात ही तिसरी न्यूमोनियाची वेळ. दोनदा भरती केलं, दोन्ही वेळा घरी आली ती आधीपेक्षा खचलेली. आता अंथरुणातच आहे, दिवसाचे २० तास झोप, दोन-चार चमचे पाणी. काल पुन्हा ताप आणि छातीत घरघर. डॉक्टर विचारतात, आयसीयूत हलवायचं की घरीच ठेवायचं? भाऊ अमेरिकेतून म्हणतो, सगळं करा, पैशाचा विचार करू नका. मी मागच्या अंकांत वाचलंय की तापाला तासाचा उशीर नको. मग घरी ठेवणं म्हणजे मी आईला मारणं नाही का?

नाही.

वर घोडबंदरच्या बाबांना मी धावत जा म्हटलं, आणि तुम्हाला तसं म्हणत नाही, यात फरक तापाचा नाही. ते ताप येण्याच्या आदल्या दिवशी गच्चीत फेऱ्या मारत असतील. त्यांची फौज आठवड्याभरात परत येणार होती, औषधाने तेवढे दिवस किल्ला लढवायचा होता. आईंची शक्ती कॅन्सरनेच संपवत आणली आहे. न्यूमोनिया उतरला तरी मागे उरते ती जास्त थकलेली आई, आणि पुढचा न्यूमोनिया. तुम्हीच लिहिलंत तसं.

डॉक्टरांना असं विचारा: "या अँटिबायोटिकने तिचं नेमकं काय सुधारेल, आणि किती दिवसांत कळेल?" ४८ ते ७२ तास देऊन बघू, ताप-धाप कमी झाली तर चालू ठेवू, नाहीतर थांबवू, असं आधीच ठरवून सुरू करणं हा मधला रस्ता आहे आणि पुष्कळ डॉक्टर तो घेतात. मात्र थांबवायचं कधी हे सुरू करतानाच बोला. नंतर कुणाची जीभ रेटत नाही. लघवीचं इन्फेक्शन असेल, जळजळ, कळा असतील, तर शेवटच्या आठवड्यांतही औषधाने आराम पडतो. छातीच्या इन्फेक्शनमध्ये अखेरच्या दिवसांत अँटिबायोटिकचा आराम असा फारसा वाट्याला येत नाही. तिथे उपयोगी पडतात दुसऱ्या गोष्टी.

धापेला थोड्या मात्रेत मॉर्फिन. नावाला घाबरू नका, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या डोसने श्वास बंद पडत नाही, गुदमरल्याची भावना कमी होते. २०१४मध्ये कायदा बदलल्यापासून मान्यता असलेल्या केंद्रांना ते ठेवणं सोपं झालं आहे. टेबलफॅन तोंडावर येईल असा लावा, गालाला वारा लागला की धाप कमी वाटते. डोक्याकडची बाजू उंच. तापाला पॅरासिटामॉल आणि कपाळावर ओलं फडकं. घरघर ऐकून तुम्हाला वाटतं ती बुडते आहे. गिळण्याची ताकद गेल्यामुळे घशात साचलेली लाळ ती. ग्लानीतल्या माणसाला बहुधा तिचा त्रास होत नाही, त्रास होतो तो ऐकणाऱ्यांना. कुशीवर वळवा. लाळ कमी करणारं इंजेक्शन डॉक्टर देऊ शकतात. सक्शनची नळी खोल घालायला लावू नका. सलाईनचाही हट्ट नको, हातपाय सुजतात आणि तेच पाणी छातीत उतरतं.

आमच्या सासूबाईंना दोन महिन्यांनी दुसऱ्यांदा तसाच ताप आला. तोपर्यंत त्या चादरीसारख्या हलक्या झाल्या होत्या. ह्यांनी गाडीची किल्ली काढली. त्या म्हणाल्या, "आता नेऊ नका मला. इथून पारसिकचा डोंगर दिसतो." मी पहिल्या वेळी झोपून राहिले होते, त्याची सल होती, त्यामुळे खरं सांगते, मलाच न्यायचं होतं. डॉक्टर घरी आले. त्यांनी दोन दिवस गोळ्यांचं अँटिबायोटिक दिलं, हुडहुडीने त्यांचे हाल होत होते म्हणून. तिसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून बंद केलं आणि मॉर्फिन, पॅरासिटामॉल एवढंच ठेवलं. त्याच दुपारी त्यांनी मेतकूट-भात मागितला. दोन घास खाल्ले, तिसरा माझ्या हातातच राहिला. पाचव्या दिवशी गेल्या.

भावाशी भांडू नका. व्हिडिओ कॉलवर त्याला आई चौकोनात दिसते, तिचा पाठीचा व्रण दिसत नाही, रात्री तीनची घरघर ऐकू येत नाही. डॉक्टर समोर असताना त्यालाही फोनवर घ्या आणि वरचा प्रश्न त्याला विचारू द्या. आईने कधी काही बोलून ठेवलं असेल, "मला नळ्या लावू नका" वगैरे, तर ते शब्द जसेच्या तसे सांगा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालात माणसाला असं आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केला आहे. २४ जानेवारी २०२३ला पद्धत सोपीही केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आईंसाठी ती वेळ गेली असेल, तुमच्या-माझ्यासाठी आहे.

घरी ठेवायचं ठरलं तर आजच दोन कामं करा. मॉर्फिन आणि इतर औषधं घरात आणून ठेवा, रविवारी रात्री ती मिळत नाहीत. आणि घरी येणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठेवा की मृत्यूचा दाखला ते देतील ना. त्याशिवाय स्मशानात अडतं, आणि त्या वेळी दाखल्यासाठी डॉक्टर शोधत वाशी-नेरूळ करणं फार वाईट. घरी झेपेनासं झालं तर टाटा हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह (त्रास कमी ठेवणाऱ्या) विभागाशी बोला. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून हेच काम करतं, देशातलं ते पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या माणसांना सांभाळणारी जागा.

ऐरोली
केमो चालू आहे, घरी सत्यनारायण घालायचा आहे. चालेल?

घाला. लाल चौकटीतले दिवस टाळून तारीख धरा. पंचामृतात कच्चं दूध असतं, ते आजाऱ्याला देऊ नका, किंवा सगळ्यांसाठीच उकळून गार केलेल्या दुधाचं करा, गुरुजी काही म्हणत नाहीत. प्रसादाचा शिरा गरम आणि शिजलेला, तो वाटीभर खाऊ द्या. सर्दी-खोकलावाल्यांनी फोनवरून नमस्कार करावा. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी, आजाऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारून. फळं पूर्ण बंद करायची गरज नाही. धुऊन, सोलून, लगेच कापून खायची. गाडीवरची कापलेली मात्र नाहीत.

पनवेल
सिस्टर, थर्मामीटर कोणता घ्यावा? कपाळावर धरायचा बंदुकीसारखा चांगला की काखेतला?

साधा डिजिटल, जिभेखाली धरायचा. तोंडात जखमा असतील तर काखेत धरा, पण काखेतला आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवून फोनवर "काखेत घेतलाय" असं सांगा. बंदुकीवाला पंख्याखाली काहीही दाखवतो. गरम चहा प्यायल्यावर १५ मिनिटं थांबून मोजा. दोन घ्या. आमच्याकडे आता दोन आहेत, आणि बटणासारखे चार जादा सेल फ्रीजवरच्या डबीत.